आतल्या खिशातला क्रमांक

१२ जानेवारी

धाकटीस,

माझे पत्र पाहून तुला नवल वाटेल. दूरध्वनीवर मला चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, हे तू जाणतेस. तुझी ताई त्यावरून जन्मभर माझी थट्टा करीत असे. म्हणून लिहितो आहे.

एप्रिलअखेर हे घर सोडून लेकीकडे राहावयास जाण्याचे मी ठरविले आहे. त्यासाठी सामानाची यादी करीत आहे. तुझ्या ताईच्या खोलीतील वस्तू पुढीलप्रमाणे: पायाने चालवावयाचे शिवणयंत्र एक, पट्टा नवा, कात्री मोठी एक, लहान दोन, इंची टेप तीन, पैकी एकीचे पहिले दोन इंच झिजून दिसेनासे झालेले, बटणांच्या बरण्या सात, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कापून ठेवलेल्या परंतु न शिवलेल्या कापडाची गाठोडी एकतीस. प्रत्येक गाठोडे कापडाच्याच चिंधीने बांधलेले असून आत मापाची चिठ्ठी आहे. मापे कोणाची, याचा उल्लेख नाही. लेक म्हणाली, "बाबा, ते देऊन टाका भंगारात. कोण शिवणार आता?" मी "बरे" म्हणालो, परंतु त्यानंतर तीन वेळा त्या कपाटापर्यंत जाऊन परत आलो.

तुझे शिवणकामाचे दुकान आहे. उपयोग होणार असेल तर सर्व काही तुझ्याकडे पाठवितो. घराबरोबर दूरध्वनीही बंद करून टाकीन. तसाही तो आता वाजत नाही.

एक विनंती. येत्या सोमवारी तिला जाऊन आठ महिने होतील. ताई कशाने गेली असे तुझ्याकडे अजून कोणी विचारीत असल्यास, तिची हृदयक्रिया अकस्मात बंद पडली, हे मी तुला त्या वेळी कळविले होते, तेच सांगावे.

भाऊजी


२० जानेवारी

भाऊजी,

तुमची यादी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या काज-बटणवाल्या मावशी म्हणाल्या, "हा माणूस बायकोला प्रेमपत्रं लिहितानासुद्धा अनुक्रमांक घालत असणार." मी म्हटलं, घालतच होते, ताईनं दाखवली आहेत.

सगळं पाठवा. झिजकी टेपसुद्धा. ताई त्या टेपेनं दोनच्या आकड्यापासून मोजायची आणि मनातल्या मनात दोन वजा करायची. दुसऱ्या कोणी त्या टेपेनं मोजलं की वजाबाकी राहून जायची आणि कपडा हमखास ढगळ व्हायचा. तरी टाकून देत नव्हती. म्हणायची, मी गेले की ही पण जाईल.

गाठोडी जाकिटांची आहेत. बिनबाह्यांची, आतून अस्तर, डावीकडे आत एक खिसा. शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, "हल्ली मशीनवर बसवत नाही गं. कापायला जमतं, म्हणून कापून ठेवते. शिवेन कधीतरी." मापं कोणाची म्हणून शोधू नका. खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांची असतील. तिला नजरेनं माप घ्यायची खोडच होती.

आता पुढचं सावकाश वाचा. मला माहीत आहे, भाऊजी. कोणी सांगितलं नाही. तिची तीन वर्षांची पत्रं माझ्याकडे आहेत. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, थोडं बरं वाटलं, परत नाही वाटलं. आणि ती गेली तेव्हा मी आले होते, तर दोन दिवसांत तुम्ही माझ्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाहीत. ताईनं स्वतः जीव दिला. मी तेव्हा विचारलं नाही, आताही जाब विचारत नाहीये.

विचारायचं ते वेगळंच आहे. ही एकतीस जाकिटं मी शिवते. मार्चमध्ये इथं हातानं केलेल्या कपड्यांचं प्रदर्शन असतं, तिथं ठेवते. जे मिळेल ते तुमच्या गावात मन मोकळं करायला फोनवरचं केंद्र आहे ना, त्यांना. आणि प्रत्येकाच्या आतल्या खिशात एक लेबल शिवायचं. हात घातला की बोटांना लागेल असं. त्यावर लिहायचं: "हे जाकीट जिनं कापलं, ती आत्महत्येनं गेली. तुमच्या मनात तसं येत असेल तर एकटे राहू नका. इथं फोन करा." खाली केंद्राचा नंबर.

तुम्ही हो म्हणालात तरच.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटीस,

सामान मालवाहू गाडीने रवाना केले आहे. गाठोडी एकतीस, मोजून घ्यावीत.

तुला जे ठाऊक आहे ते मी नाकारीत नाही. परंतु घरात घडलेली गोष्ट कापडावर विणून चारचौघांत पाठविणे मला उचित वाटत नाही. लेकीच्या सासरी हे कोणासही माहीत नाही. तुझी ताई गावात तिच्या कामासाठी ओळखली जाई; यापुढे त्या एका दिवसासाठी ओळखली जावी, हे मला सहन होणार नाही. ते वाक्य घालू नये.

जाकिटे अवश्य शिवावीस. केंद्राचा क्रमांकही घालावास. मजकुरासाठी मी पुढील मसुदा सुचवितो: "आपणांस मानसिक क्लेश होत असल्यास कृपया निःसंकोचपणे खालील क्रमांकावर संपर्क साधावा."

भाऊजी


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा मजकूर मावशींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे कुठल्या खात्याचं?" अहो, जो माणूस आतून विझत चाललाय तो हे वाचून अर्ज करेल एक वेळ, फोन करणार नाही.

ताईबद्दलचं वाक्य नाही घालत. तुमचा शब्द मोडणार नाही. पण मग बाकीचं माझ्या मनासारखं होऊ द्या. "फार जड झालं असेल तर बोला. ऐकायला कोणीतरी आहे." एवढंच. खाली नंबर.

एक काम करा. केंद्र तुमच्याच गावात आहे, तर स्वतः जाऊन त्यांची परवानगी घ्या आणि नंबर एका कागदावर लिहून इकडे पाठवा. लेबल विणणारा नमुना काढेल, तो तुमच्याकडे येईल, तो तपासा. जन्मभर टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासलीत, एक लेबल तपासायला काय जातंय.

मशीन इथं छान चालतंय. पहिलं गाठोडं सोडलं आणि बघतच राहिले. प्रत्येक शिवणीला दोन-दोन बोटं माया सोडली आहे. एवढी कोणी सोडत नाही, कापड वाया जातं. म्हणजे ज्यांना घट्ट होईल त्यांनी उसवून सैल करून घ्यावं, हा तिचा हिशोब. म्हणून मी ठरवलंय, प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत लिहून घ्यायचा आणि दुरुस्ती फुकट करून द्यायची.

धाकटी


२६ फेब्रुवारी

धाकटीस,

केंद्रात जाऊन आलो. पोस्टाच्या मागील गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एका खोलीत तीन टेबले, तीन दूरध्वनी. दुसरीत पाण्याचे मडके आणि पाय डुगडुगणारे एक बाक. प्रमुख बाईंनी परवानगी आनंदाने दिली. निघताना त्यांनी विचारले, "तुमच्या घरातलं कोणी गेलं का?" मी म्हणालो, "नाही. मी छपाईच्या कामासाठी आलो आहे." मी जिना उतरेपर्यंत त्यांनी दिवा मात्र लावून ठेवला.

क्रमांकाचा कागद तुला आठवड्यापूर्वीच पाठविला होता. विणलेल्या पट्टीचा नमुना काल मिळाला. माझ्याजवळील प्रतीशी तो तीन वेळा ताडून पाहिला. दोनदा डावीकडून, एकदा उजवीकडून, जसा डिरेक्टरीसाठी पाहत असे तसा. आकडा न् आकडा बरोबर आहे. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही क्रमांक चुकीचा छापला गेला नाही, हे तू जाणतेसच. विणण्यास हरकत नाही.

भाऊजी


३० मार्च

भाऊजी,

घाईत लिहितेय. तीस जाकिटं गेली, दोन दिवसांत. एक बाई नवऱ्यासाठी घेऊन गेली, म्हणाली, "ते बोलत नाहीत हल्ली, निदान अंगाला ऊब तरी." मी म्हटलं, आतला खिसा दाखवा त्यांना.

एकतिसावं विकलं नाही. का ते नंतर सांगेन.

तुम्ही घर कधी सोडताय? पत्ता कळवा.

धाकटी


९ एप्रिल

धाकटीस,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहावयास घेतले आहे.

गेल्या शुक्रवारी दुपारी सव्वातीन वाजता घरातील दूरध्वनी वाजला. मी पुस्तकांची खोकी बांधीत होतो. एक पुरुष म्हणाला, "हा नंबर जाकिटाच्या खिशात होता." मी म्हणालो, "कसले जाकीट? आपला क्रमांक चुकला आहे," आणि दूरध्वनी ठेवून दिला.

खोक्याला दोरी बांधता बांधता हात थांबले. मी प्रत्येक मुद्रिताची प्रत ठेवतो. ती काढली. पट्टीवरील क्रमांक माझ्या कागदावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. फक्त तो केंद्राचा नव्हता. तो आमच्या घराचा होता.

कसे झाले, हे मी तुला सांगू शकतो. केंद्रातून परतल्यावर तुझ्या ताईच्या टेबलाशी बसून मी तो कागद लिहिला. लिहिताना एकच विचार मनात होता, की तिच्या खिशात अशी पट्टी असती तर तिने कोणाला दूरध्वनी केला असता. हाताने उत्तर लिहिले. मी ते तीन वेळा तपासले आणि तिन्ही वेळा बरोबर ठरविले.

आमच्या यंत्रावर समोरचा क्रमांक दिसत नाही. उलट दूरध्वनी करणे शक्य नव्हते. मी खुर्ची ओढून यंत्रासमोर बसलो. त्या पाऊण तासाबद्दल मी काही लिहिणार नाही.

चार वाजता घंटा वाजली.

"मघाशी तुम्ही चुकीचा म्हणालात," तो म्हणाला. "मी आकडे बघून परत लावला. तोच लागला."

"क्रमांक बरोबर आहे," मी म्हणालो. "मी चुकलो. बोला."

"काय बोलू?"

"मलाही नीट येत नाही."

तो किंचित हसला. मग त्याने सांगितले, की तो शाळेची बस चालवितो, तीन महिने रजेवर आहे, जाकीट बायकोने आणले, खिशात हात आज प्रथमच घातला. "कोणी उचलतं का, एवढंच बघायचं होतं," तो म्हणाला.

धाकटे, तुझ्या ताईच्या आजारपणाच्या तीन वर्षांत एक प्रश्न माझ्या जिभेवर अनेकदा आला. विचारला तर नसलेला विचार तिच्या डोक्यात येईल, अशी भीती मला वाटे. मी तिला औषध घेतलेस का असे विचारी, जेवलीस का असे विचारी. तो प्रश्न कधी विचारला नाही. त्या दिवशी मी तो एका अनोळखी माणसाला विचारला. एखाद्या अधिकाऱ्याशी बोलावे तसा विचारला, कारण दुसरी भाषा मला येत नाही. "आपल्या मनात मरणाचे विचार येतात का?"

तो म्हणाला, "येतात. तुम्ही पहिलेच विचारलंत." त्याच्या आवाजात मला राग ऐकू आला नाही. ओझे खाली ठेवताना माणूस जसा श्वास सोडतो, तसे काहीतरी ऐकू आले.

"आत्ता घरी एकटे आहात का?"

"बायको पाचला येते."

"मग पाचपर्यंत मी इथेच आहे."

एक तास आम्ही बोललो. अरुंद गल्लीत बस उलटी कशी घ्यावी, हे त्याने मला सविस्तर समजाविले. मध्येच त्याने विचारले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. टेलिफोन डिरेक्टरीचा मुद्रितशोधक होतो."

"मग हे कशाला करता?"

मी म्हणालो, "माझी पत्नी आत्महत्येने गेली. अकरा महिने होत आले. आपल्या अंगावरचे जाकीट तिने कापले आहे."

हे वाक्य मी मोठ्याने प्रथमच उच्चारले. घरात दुसरे कोणी नव्हते, तरी मी मागे वळून पाहिले. तो म्हणाला, "छान बसलंय. सांगायचं राहिलं."

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याची पत्नी आली. तिला मी केंद्राचा खरा क्रमांक डिरेक्टरीतून काढून दिला व एकेक आकडा उलट वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने कळविले, की दोघे सकाळच्या गाडीने इकडे येऊन केंद्रात जाऊन आले आणि सोमवारी डॉक्टरांचीही भेट ठरली आहे.

आता तुला सांगावयाचे एकच उरले. ती गेली त्या दिवशी दुपारी तुझ्या ताईने छापखान्यात दूरध्वनी केला होता. "जरा बोलायचं होतं," एवढेच म्हणाली. माझ्यासमोर पुरवणीची मुद्रिते पडली होती. मी म्हणालो, "संध्याकाळी बोलू." 

चूक माझी आहे. सर्व जाकिटे परत मागवून पट्ट्या बदलाव्यात. तोपर्यंत मी घराबाहेर पडणार नाही.

भाऊजी


१६ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. मी मागच्या खोलीत कापडाच्या ठाणांवर बसून वाचलं. मावशींनी पुढचं सांभाळलं आणि काही विचारलं नाही, म्हणजे बघा.

चूक एकट्या तुमची कशी? तीस लेबलं मी माझ्या हातांनी शिवली. तीस वेळा तो नंबर माझ्या सुईखालून गेला. बावीस वर्षं मी ताईला त्याच नंबरवर फोन करत होते. पाठ असलेला नंबर कोणी वाचतं का? ओळखीचा वाटला, म्हणून बरोबर वाटला. आपण दोघांनीही तिचाच नंबर दिला लोकांना.

आणि तुम्ही छापखान्यातलं सांगितलंत, तर माझंही ऐका. त्याच आठवड्यात तिनं मलाही फोन केला होता. इथं शाळेच्या गणवेशांची घाई होती, तोंडात टाचण्या होत्या. मी म्हटलं, "रविवारी निवांत करते गं." रविवार आलाच नाही. हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आधी सांगितलंत.

वहीतल्या पत्त्यांवर पत्रं टाकली आहेत. नवीन लेबलं खरा नंबर घालून विणायला टाकते. मजकूर तुम्ही सांगा. या वेळी जसा सांगाल तसा घेईन, परिपत्रकासारखा असला तरी.

सोबत एकतिसावं जाकीट पाठवतेय. चिठ्ठीवर बाकी कोणाचं नाव नव्हतं, याच्यावर मात्र ताईच्या अक्षरात लिहिलंय, "यांचं. विचारलं तर नको म्हणतील. न विचारता शिवायचं." म्हणून मी विचारलं नाही.

धाकटी


२ मे

धाकटीस,

जाकीट मिळाले. खांद्यांत नीट बसले, पोटाकडे थोडे सैल आहे. माझे या वर्षात वजन उतरेल, याचा अंदाज तिला नसावा. सैल राहू द्यावे असे ठरविले आहे.

मी पुन्हा केंद्रात गेलो. प्रमुख बाईंना म्हणालो, "मागे आपण विचारले होते, त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. माझी पत्नी." त्यांनी मला त्या डुगडुगणाऱ्या बाकावर बसविले. छापखान्यातील ती दुपार मी त्यांना सांगितली. तुझा रविवारही, तुझी अनुमती न घेता, सांगितला. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांचा आजार होता. एका न झालेल्या बोलण्यानं माणूस जात नाही. तुम्हा दोघांना तसं वाटत राहील, कारण तेवढंच तुमच्या हातात होतं. पुढचा फोन उचलायचा, बास." हे तुलाही उद्देशून आहे असे समजावे.

मंगळवारी व शुक्रवारी मी तेथे शिकावयास जातो. ऐकणे हेही शिकावे लागते. माझ्या शिक्षिकेचे म्हणणे, मी फार लांब वाक्ये बोलतो, पण मध्ये बोलत नाही हा गुण आहे. बसचालक हळूहळू कामावर परतला आहे. आधी अर्धा दिवस. कधी त्याला बरे वाटते, कधी नाही. नाही वाटले की तो तसे सांगतो.

लेकीला समोर बसवून सर्व सांगितले. ती पुष्कळ वेळ रडली. मग म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते." एकाच घरातली तीन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून बसलो होतो. तिच्या सासरी ती स्वतःच सांगणार आहे.

नव्या पट्टीचा मजकूर असा घ्यावा: "हे जाकीट जिनं कापलं, ती आत्महत्येनं गेली. तुमच्या मनात तसं येत असेल तर एकटे राहू नका. आत्ताच बोला." पहिली दोन वाक्ये तुझीच आहेत. शेवटचे माझे. खाली केंद्राचा क्रमांक. तो या वेळी प्रमुख बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. मी फक्त वाचला, आणि वाचल्यावर त्यावर दूरध्वनी करून पाहिला.

आणखी गाठोडी कापावयाची असल्यास कापावीस. खडूच्या रेघा मी आखून देऊ शकेन; सरळ रेघ मला येते. माया तिच्याइतकीच सोडावी.

तुझ्या हिशेबाप्रमाणे तेवीस जाकिटे पट्ट्या बदलण्यासाठी परत आली आहेत. सात जणांनी वहीत पत्ता दिलेला नाही. ती सात जाकिटे कोठे तरी, कोणाच्या तरी अंगावर आहेत, आणि त्यांच्या आतल्या खिशात आमच्या घराचा क्रमांक आहे. त्यामुळे मी घर सोडत नाही. खोकी उघडली आहेत. दूरध्वनीही बंद करणार नाही. मंगळवारी व शुक्रवारी मी केंद्रात असतो, तेव्हा लेक येथे येऊन बसते. खरा क्रमांक यंत्राशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

तू पत्रे लिहीत जा. मला ती हवी असतात. परंतु काही बोलावयाचे झाले तर रविवारची वाट पाहू नकोस. क्रमांक तुला पाठ आहे.

भाऊजी